गेनूबुवांची जलसमाधी

गेनूला लोक गेनूबुवा म्हणू लागले, त्याचं सारं श्रेय माशांना आहे. ही गोष्ट आळीत कोणाला ठाऊक असती तर त्याला बुवा म्हणायच्या ऐवजी वेशीपर्यंत वहाणांनी पोचवला असता. पण ठाऊक नव्हती, आणि गेनूनंही सांगायची घाई केली नव्हती. एकोणीसशे छप्पन्न साली या लपवाछपवीला चौदा वर्षं झाली होती.

मोशीत मटण-मासळी खाणारे नव्हते असं मुळीच नाही. पण गेनूची आळी माळकऱ्यांची. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी आणि मधून वाहणारी इंद्रायणी. तिच्या पाण्यात गळ टाकायचा म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात तंगड्या पसरून झोपण्यातला प्रकार. नदीतल्या माशांनाही हे कळून चुकलं होतं. बायका धुणं धुवायला बसल्या की ते खुशाल येऊन पायाची बोटं चाटत. गेनू अंघोळीला उतरला की त्या जाडजूड माशांकडं बघून आवंढा गिळायचा आणि मोठ्यानं पांडुरंग, पांडुरंग म्हणायचा. काठावरची माणसं एकमेकांना खुणावत, की बघा, पाण्याला पाय लागला तरी याला देव आठवतो.

गळ्यात माळ आईनं घातली, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं. पुढं लढाईच्या दिवसांत तो वर्षभर खडकीला मजुरीला गेला. तिथं एका कोकण्या जोडीदारानं डब्यातलं कालवण पुढं केलं, ते गेनूनं वांग्याचं समजून खाल्लं. निघालं सुक्या बांगड्याचं. पहिला घास चुकून गेला, उरलेले अकरा मुद्दाम गेले. त्या रात्री त्यानं माळेला हात लावून देवाची माफी मागितली आणि सकाळी जोडीदाराला विचारलं, आज काय आणलंस.

खडकी सुटली, जीभ सुटली नाही. मग एकदा चुकार बैल शोधत तो चाकणच्या पूर्वेला दोन कोस आत गेला आणि त्याला झाकलं तळं सापडलं. कुठल्याशा जुन्या दुष्काळात लोकांकडून खणून घेतलेलं आणि मग सगळे ज्याला विसरून गेले असं ते तळं. आसपास वस्ती नाही. पाण्यावर पाणवेली आणि शेवाळाचा असा जाड थर, की पाणकोंबड्या त्यावरून ओसरीवरून पळावं तशा पळत. पाणी दिसतच नाही, म्हणून गुरंही तिकडं फिरकत नसत. आणि त्या थराखाली मरळी होत्या.

मरळ हा मासा दिसायला काही फार देखणा नाही. तोंड सापाचं, अंग तेल लावलेल्या पैलवानाचं, स्वभाव तलाठ्याचा. खाली चिखलात पडून राहायचं आणि तोंडाशी येईल ते गिळायचं. पण तिला एक खोड आहे. बाकीच्या माशांसारखं तिचं नुसत्या पाण्यावर भागत नाही, मधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. सगळं तळं झाकलेलं असेल आणि एकाच जागी भोक असेल, तर ती त्या भोकाशी येणारच. गेनूनं हे बसून बसून ओळखलं. शाळेत त्यानं एवढी अक्कल चालवली असती तर मास्तर झाला असता.

दर पौषात, थंडीनं तळ्यावर धुकं धरलं की तो निघायचा. काठावरच्या जाळीत त्याची सांगड लपवलेली असे. म्हणजे एक जुनी बाज आणि तिच्याखाली आठ सुके भोपळे बांधलेले. धोतर, बंडी, पागोटं बाभळीला टांगायचं, माळ काढून त्यावर अडकवायची, कारण गळाला जिता बेडूक ओवायचा तो माळ घालून कसा ओवणार. मग लंगोटीवर सांगडीत बसायचं, पोत्याची खोळ अंगावर घ्यायची, फुटक्या मडक्यात निखारे ठेवायचे आणि बांबूनं ढकलत आत जायचं. लांब दांड्याच्या कोयत्यानं थराला परातीएवढं भोक पाडायचं आणि गळ सोडून बसायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. थंडीनं दात वाजत, तेही तो पागोट्याचा फाडलेला पदर तोंडात कोंबून थांबवायचा. मरळ लागली की काठावर भाजायची, मीठ लावून खायची, काटे पुरायचे, राखेनं हात घासायचे आणि माळ घालून घरी.

घरी सांगितलेलं असे, की तळ्यापलीकडच्या डोंगरात एक कपार आहे, तिथं तीन दिवस निरंकार उपास करून नाम घेत बसतो. तीन दिवसांच्या उपासानंतर माणूस शेरभर वजन वाढवून कसा येतो, हे कोणीच विचारलं नाही. भजनी मंडळाचे प्रमुख सोपानराव होते, त्यांनी तर भर देवळात सांगितलं, की हे नामाचं पोषण, बघा चेहऱ्यावर तेज कसं आलंय. ते तेज मरळीच्या चरबीचं होतं. पुढच्याच वर्षी गेनूच्या हाती वीणा आली, मग बुवा हे बिरूद आलं, मग बायका पोरं घेऊन पाया पडायला येऊ लागल्या. तो जितका मासे खाई तितका पवित्र होत गेला.

घरात मात्र त्याचं पावित्र्य उंबऱ्याशीच संपायचं, कारण तिथं गवराबाई होती. ही त्याची बायको. शेत तीच बघायची, मोट तीच हाकायची, बाजार तीच करायची. पोरंबाळं झाली नाहीत, त्याबद्दल आळीनं तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं होतं आणि तिनंही आळीला सव्याज परत केलं होतं. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला, गावातली चार पोरं तिथं चिकटली, तेव्हा तिनं नवऱ्यामागं टुमणं लावलं, की तुमीबी जा. गेनू म्हणाला, यंत्राच्या खडखडाटात नाम कसं घेऊ. खरी अडचण अशी होती, की कारखान्यात पौषात तीन दिवस सुट्टी कोण देणार. गवराबाईनं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं आणि ती मोटेवर निघून गेली. गेनूला त्या बघण्याची देवापेक्षा जास्त भीती होती. आणि खरं सांगायचं तर देवापेक्षा तिच्यावर जीवही जास्त होता, पण हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. बुवा लोक असलं काही बोलत नाहीत.

त्या साली सप्ताह नेमका पौषात ठरला आणि वीणा धरायला बुवा जागेवर नाहीत. सोपानरावांनी ठरवलं, की आपण स्वतः कपारीत जाऊन त्यांना मानानं आणायचं. बरोबर मारुतरावांना घेतलं, जे दिवसात दोन शब्द बोलत आणि तेही जेवताना. पहिल्या एसटीनं दोघं चाकणला उतरले आणि विचारत विचारत तळ्याशी आले. कपार काही दिसेना. दिसलं ते बाभळीला टांगलेलं धोतर, बंडी, पागोटं आणि त्यावर माळ.

आता दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं ताबडतोब ओळखलं असतं, की कोणीतरी माळ काढून मासे धरायला उतरलंय. पण सोपानराव माळकरी आळीचे. त्यांच्या लेखी माळकरी माणूस माळ काढतो तो एकाच कारणासाठी. देह ठेवायचा आहे आणि पवित्र माळ प्रेताबरोबर कुजू द्यायची नाही. शिवाय काठाजवळच थराला ताजं भोक पडलेलं होतं. गेनूनं सकाळी ते पाडलं होतं आणि जागा बरी नाही म्हणून सोडून दिलं होतं. सोपानरावांनी त्या भोकाकडं बघितलं, माळेकडं बघितलं आणि तिथंच मटकन बसले.

गेनू तिथून शंभर हातांवर होता, धुक्यात. त्याला सगळं ऐकू येत होतं. सोपानरावांनी हाका मारल्या, बुवा, अहो बुवा. गेनूनं श्वाससुद्धा रोखून धरला. गळ हातात घेऊन, लंगोटीवर, बेडकांचं गाडगं शेजारी ठेवून ओ कसा देणार. थोड्या वेळानं कंटाळून जातील असा त्याचा हिशोब होता. पण हाका थांबल्या आणि रडणं सुरू झालं. मंडळात भांडताना आभाळ डोक्यावर घेणारे सोपानराव लहान पोरासारखे रडत होते आणि मधूनमधून बुवांचे गुण सांगत होते. असा विरक्त पुरुष पुन्हा होणे नाही. जिभेवर असा ताबा कोणाचा पाहिला नाही. आपल्याबद्दल एवढं चांगलं गेनूनं जन्मात ऐकलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला. मरू दे ती अब्रू, ओ देऊन टाकावा, म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि तेवढ्यात दोरीला हिसका बसला.

हिसका असा, की बाज कलली. गेनूनं तोंड मिटलं. पुढचा पाऊण तास त्याला सोपानराव आठवले नाहीत, सप्ताह आठवला नाही, देव तर नाहीच नाही. दोरीनं तळहात कापले. एक भोपळा सुटून वाहात गेला. शेवटी त्यानं कल्ल्यात बोटं घालून तिला बाजेवर ओढली तेव्हा तो तिच्याकडं बघतच राहिला. पाच शेरांच्या आत नव्हती. चौदा हिवाळ्यांत असली मरळ त्यानं पाहिली नव्हती.

काठावर आला तर माणसं गेलेली आणि बाभळ मोकळी. धोतर गेलं, माळ गेली, धोतराच्या कनवटीला एसटीचे पैसे होते तेही गेले. आणि आता ते दोघं मोशीला जाऊन काय सांगणार हे त्याच्या टाळक्यात हळूहळू शिरलं.

मासा टाकून पळावं ही कल्पनाही त्याला शिवली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. ओल्या पोत्यात मरळ गुंडाळून पाठीला बांधली आणि तो चाकणच्या वाटेला लागला. मरळ अशी ओली ठेवली की पाण्याबाहेर अर्धा दिवस जगते. चाकणला कांद्यानं भरलेली एक बैलगाडी पुण्याकडं निघाली होती. लंगोटीवरचा माणूस पाहून गाडीवाल्याला वाटलं साधू आहे. त्यानं हात जोडून वर बसवलं आणि पाठीवरचं पोतं मधूनच का उड्या मारतं ते विचारलं नाही. कांद्यांवर बसून गेनूनं बेत रचला. आधी आपल्या विहिरीत मासा सोडायचा. मग भिजल्या अंगानं गावात शिरायचं आणि सांगायचं, देह ठेवला होता पण देवानं परत पाठवला. पटायला हरकत नव्हती. पटलं असतं तर गावानं त्याला आयुष्यभर खांद्यावरून उतरवला नसता. त्याला स्वतःच्या देवळाचा कळसही दिसू लागला होता.

मोशीत तो उतरला तेव्हा उन्हं कलली होती. विहीर डावीकडं, घर उजवीकडं. तो डावीकडं वळला आणि त्याला घराकडून छबूबाईचा आवाज आला. छबूबाई त्याची आत्या, विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडं परत आलेली. तिच्या बांगड्या फोडल्या त्या दिवसापासून गावात कोणाच्याही बांगड्या फोडायच्या असल्या की दगड घेऊन पुढं तीच. प्रेत काढायला तळ्यात गळ टाकावे लागतील आणि सगळ्या आळीत गळ कोणाकडंच नाही, म्हणून माणसं अजून निघालीच नव्हती. पण छबूबाईला प्रेताची गरज नव्हती. दिवस मावळायच्या आत उरकून घ्या, ती म्हणत होती. आणि काच फुटल्याचा आवाज आला.

गेनूचे पाय उजवीकडं वळले. त्यानं वळवले नाहीत, आपसूक वळले. अंगणात बायका दाटीनं बसलेल्या होत्या, त्यांच्या मधून तो तसाच पळत घुसला. गवराबाईनं एक हात पदराखाली घट्ट धरला होता, दुसरा दोघींनी ओढून दगडाशी आणला होता आणि त्यातल्या दोन बांगड्या फुटलेल्या होत्या.

"आत्ये, थांब," गेनू म्हणाला. "मी हाय."

छबूबाईनं आधी त्याचे पाय उलटे आहेत का ते बघितलं. बाकीच्या बायका भिंतीला चिकटल्या. आणि पळण्यानं पोत्याची गाठ सैल झाली होती ती नेमकी तेव्हाच सुटली. मरळ धप्पकन अंगणात पडली आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर शेपूट आपटायला लागली.

सोपानराव ओसरीवर माळ हातात घेऊन बसले होते. त्यांनी माशाकडं बघितलं, गेनूकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. देवानं मत्स्याचं रूप घेऊन बुवांना वर काढलं आणि बुवांबरोबर स्वतः घरी आला, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. छबूबाईनं दगड टाकला आणि हळदीकुंकू आणून माशाच्या डोक्याला लावलं. मरळीनं तिला चावायचा प्रयत्न केला. तोवर सोपानराव पुढंही गेले होते. पालखीतून इंद्रायणीत सोडायचा, सात दिवस अन्नदान, तळ्याच्या काठी घुमटी. गेनूनं कांद्यांवर बसून रचला होता त्याच्यापेक्षा शंभर पटींनी झकास बेत होता. त्याला खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवायची होती.

त्यानं गवराबाईकडं बघितलं. ती माशाकडं बघत नव्हती, त्याच्याकडं बघत होती. डोळे सुजले होते. मनगटावर काच लागून रक्ताची बारीक रेघ आली होती. आपण सकाळी एक ओ दिला असता तर ही रेघ नसती, हे गेनूला उमगलं आणि त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की मान हलवायची राहून गेली.

"खरं सांगा," ती म्हणाली. "खायला धरला व्हय?"

सोपानराव त्याच्याकडं आशेनं बघत होते.

"व्हय," गेनू म्हणाला.

"आन ते डोंगरातलं नाम?"

"तेबी हेच. चौदा वरसं."

सोपानराव हळूच उठले आणि खुंटीवरची वीणा त्यांनी काखेला मारली. गवराबाई ओरडेल, कपाळ बडवेल, निदान हाताशी असलेला दगड उचलेल, असं सगळ्यांना वाटत होतं. गेनूनं तर डोकं थोडं बाजूला घेतलंही होतं. तिनं पदरानं मनगटावरचं रक्त पुसलं.

"माझं माह्यार भीमेच्या काठाला," ती म्हणाली. "बा सांजच्याला रोज वाम न्हाईतर मरळ आणायचा. माझ्या हातचं कालवण खायाला शेजारची माणसं यायची. हितं आले, सासूनं त्याच दिवशी माळ घातली. अठरा वरसं मी वासबी घेतला न्हाई. का, तर मालक माळकरी हायेत. आन तुमी एकटं खात व्हता."

अठरा वर्षांत तुला काय आवडतं हा प्रश्न गेनूनं बायकोला एकदाही विचारला नव्हता. माहेरच्या नावानं ती कधी गप्प व्हायची तेव्हा तिला आई आठवत असेल, असं त्याला वाटायचं.

गवराबाई उठली. गळ्यातली माळ तिनं काढली, डोळ्यांना लावली आणि सोपानरावांच्या हातात दिली.

"ही ठिवा तुमच्यापाशी," ती म्हणाली. "परत घालावी वाटली तर मी येईन. मला इचारल्याबिगर कुनी घालायची न्हाई."

मग तिनं विळी मागितली. आळी उठून चालती झाली. छबूबाई मात्र कुंपणापाशी रेंगाळली आणि वाऱ्याची दिशा बघून बसली.

घरातली चूल गवराबाईनं विटाळली नाही. अंगणात तीन दगड मांडले. मरळ हातातून निसटते म्हणून तिला आधी राख चोळली, मग एका दमात साफ केली. हळदीकुंकू लागलेलं डोकं धुऊन वेगळं ठेवलं. तिचे हात अठरा वर्षांत काही विसरले नव्हते. लसूण, मिरची, चिंचेचा कोळ, वरून कोथिंबीर. त्या कालवणाचा वास सुटला तेव्हा गेनूच्या लक्षात आलं, की आपण चौदा वर्षं मासे नुसते जाळून खात आलो.

तिनं एकच ताट वाढून घेतलं आणि त्याच्यासमोर जेवायला बसली. तो चुलीला फुंकर घालत राहिला. ती काटे न बघता जिभेनं वेगळे करत होती आणि डोळे पुसत होती. तिखट जास्त झालं असेल असं आपलं त्यानं मानून घेतलं. रोज ती सगळ्यांच्या मागून, भिंतीकडं तोंड करून चार घास खायची. आज तिनं तीन भाकरी खाल्ल्या. हात धुतल्यावर तिनं उरलेलं भांडं त्याच्याकडं सरकवलं आणि विचारलं, तळ्यावर कशात बसता. त्यानं बाज सांगितली, भोपळे सांगितले, भोक सांगितलं. मरळ श्वास घ्यायला वर येते तेही सांगितलं. चौदा वर्षं हे कोणाला तरी सांगायचं त्याच्या मनात होतं.

"दोघांना जागा हाय का त्यावर?" तिनं विचारलं.

"न्हाई," गेनू म्हणाला. "बुडंल. आजच एक भोपळा ग्येला."

गवराबाईनं मनगटातल्या उरलेल्या बांगड्या वर सारल्या आणि परसातल्या वेलावर किती भोपळे सुकायला ठेवलेत ते बघायला ती उठली.